ट्रकच्या एक्झॉस्टमधली गळती: सकाळी टकटकणारे इंजिन काय सांगत असते

रात्रभर थंड पडलेला ट्रक सकाळी सुरू केला की इंजिनाच्या एका बाजूने टक-टक-टक असा बारीक, कोरडा आवाज येऊ लागतो. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालली की तो आपोआप नाहीसा होतो आणि चालकही तो विसरून जातो. ऑइल वर चढायला वेळ लागत असेल, व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट सैल झाले असतील, असे म्हणून विषय तिथेच सोडला जातो. पुष्कळदा कारण निराळे असते. इंजिनातून बाहेर पडणारा जळालेला वायू सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच एखाद्या सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून निसटत असतो, आणि लोखंड तापून फुगले की ती फट तात्पुरती बुजते. आवाज बंद होतो, बिघाड तसाच राहतो.

ही फट कुठे आहे, ती का पडली आणि ती कायमची कशी बुजवायची, या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि गॅरेजमध्ये नेमका तोच बहुधा विचारला जात नाही.

जळालेल्या वायूचा प्रवास

प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेल्या जाड धातूच्या ठोकळ्याच्या, भोकातून बाहेर येतो आणि मॅनिफोल्डमध्ये शिरतो. मॅनिफोल्ड म्हणजे सर्व सिलिंडरांचा वायू एका वाटेला लावणारा बिडाचा जाड नळ. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये गॅस्केट असते, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास पॅकिंग म्हणतात. तिथून वायू टर्बोमध्ये जातो. टर्बो हे एका दांड्यावर बसवलेल्या दोन चाकांचे यंत्र आहे. एक चाक बाहेर जाणाऱ्या वायूने फिरते आणि दुसरे त्याच्याबरोबर फिरून इंजिनात ताजी हवा कोंबते. टर्बोनंतर पाइप लागतो आणि त्यात पेटीच्या भात्यासारखी घड्यांची एक लवचीक नळी असते, तिला बेलो म्हणतात. नव्या ट्रकांमध्ये पुढे काजळी अडवणारा फिल्टर आणि ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करणारा भाग येतो. शेवटी सायलेन्सर आणि शेपटीचा पाइप.

या वाटेवरचा प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा आहे. पण सगळ्या गळत्या सारख्या नसतात, आणि त्यांचा फरक टर्बोवरून ठरतो.

टर्बोच्या अलीकडे की पलीकडे?

पाणचक्कीकडे येणारा पाट चक्कीच्या आधी फुटला तर चक्की मंदावते. चक्की फिरवून पाणी पुढे गेल्यावर फुटला तर चक्कीला फारसा फरक पडत नाही, फक्त शेजारच्या रानात चिखल होतो. टर्बोचे अगदी तसेच आहे.

टर्बोच्या अलीकडचा वायू भारवाही चढणीवर ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो आणि त्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या आसपास पोहोचतो. इथे फट पडली तर टर्बोचे चाक फिरवणारी ताकदच बाहेर सांडते. ताजी हवा कमी पडते, डिझेल नीट जळत नाही, मागून काळा धूर निघतो आणि पिकअप पडतो. चालक साहजिकच पाय जास्त दाबतो, त्यामुळे डिझेलही जास्त जाते आणि इंजिनही जास्त तापते. शिवाय फटीतून सुटणारी उष्ण धार समोर जे असेल ते भाजून काढते. वायरिंग, डिझेलची नळी, एअर ब्रेकचा प्लॅस्टिक पाइप यांपैकी काहीही त्या धारेच्या टप्प्यात असले, तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही.

टर्बोच्या पलीकडे दाब पुष्कळ कमी असतो. तिथली गळती पिकअप फारसा घालवत नाही, मात्र आवाज वाढवते, वास केबिनपर्यंत आणते आणि नव्या गाड्यांत सेन्सरांना फसवते. वायू संथ धारेने वाहत नसून धक्क्याधक्क्याने पुढे जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाऊ शकते. पुढचा सेन्सर ती हवाही मोजतो आणि संगणकाला चुकीची खबर देतो. काजळीच्या फिल्टरआधी गळती असेल तर आणखी एक गोष्ट घडते. साचलेली काजळी जाळून फिल्टर साफ करायला ५५० ते ६०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि त्यातली थोडी वाटेतच निसटते. मग फिल्टर साफ करण्याचा दिवा वारंवार लागतो, फिल्टर बदलण्याची चर्चा सुरू होते, आणि दोष असतो एका सैल क्लॅम्पचा.

वायू मोकळा सुटला तर इंजिन हलके चालत नाही का?

हा समज जुना आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे, कारण तुंबलेला सायलेन्सर इंजिनाला खरोखरच जड जातो. पण वाट रुंद असणे आणि वाट फुटलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोच्या अलीकडचा दाब ही अडचण नसून भांडवल आहे. ते सांडून इंजिन हलके होत नाही.

सांधा मुळात का उघडतो?

बीड तापले की लांबते. एक मीटर लांबीचा बिडाचा तुकडा ६०० अंशांनी तापवला तर तो सुमारे ६ ते ७ मिलिमीटरने वाढतो. मॅनिफोल्ड इतका तापतो, पण ज्या हेडला तो बोल्टांनी आवळलेला असतो त्या हेडमधून पाणी खेळत असते आणि ते ९० अंशांच्या आसपासच राहते. म्हणजे एकाला वाढायचे असते आणि दुसरा त्याला धरून बसलेला असतो. ही ओढाताण रोज होते. गाडी तापली की एकदा, निवली की पुन्हा एकदा. हे बोल्ट म्हणजे स्टड, एका टोकाने हेडमध्ये रोवलेले आणि दुसऱ्या टोकाला नट लागणारे. मधल्या स्टडना फारसे हलावे लागत नाही. टोकाच्या स्टडपर्यंत मात्र सगळी वाढ साठत जाते, आणि म्हणूनच मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशी सापडतात.

इंजिन बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून अनेक मोठ्या सहा सिलिंडरी इंजिनांचा मॅनिफोल्ड तीन तुकड्यांत केलेला असतो आणि ते तुकडे एकमेकांत सरकतात, रुळांच्या जोडावर फट ठेवावी तसे. सरकत्या जोडात पिस्टनच्या रिंगांसारख्या कड्या असतात. हा जोड गंजाने आणि काजळीने घट्ट बसला, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत जाम झाला, की तीन तुकड्यांचा मॅनिफोल्ड एकसंध दांड्यासारखा वागू लागतो आणि सगळा ताण स्टडवर येतो. अशा वेळी नुसता स्टड बदलला तर नवा स्टडही त्याच वाटेने जातो.

बेलोचे दुखणे वेगळे आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते, चॅसिस खड्ड्यांत पिळवटते आणि या दोघांमधला फरक बेलो सोसत असतो. माउंटिंगचे रबर बसले किंवा सायलेन्सरची पट्टी तुटली, की बेलोला त्याच्या कुवतीबाहेर वाकावे लागते आणि त्याच्या घडीला तडा जातो.

मागचे पाइप मात्र मुख्यतः पाण्याने मरतात. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. लांबच्या प्रवासात ती वाफ बाहेर निघून जाते. थोडेसे चालून वारंवार बंद होणाऱ्या गाडीत ती थंड पाइपात निवते, काजळीतल्या आम्लात मिसळते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून चांगला दिसणारा पाइप पान्याच्या टोकाने ठोकल्यावर बद्द वाजतो तो यामुळे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, काही सायलेन्सरांच्या तळाला हे पाणी निघून जावे म्हणून मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते. ते गळती समजून वेल्डिंगने बुजवू नये.

शोध थंड इंजिनापासून सुरू होतो

गळती शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळ. चाकांना पुढून-मागून अडसर लावावा, गाडी मोकळ्या हवेत असावी आणि इंजिन सुरू करण्याआधी हातात बॅटरी घेऊन नुसते पाहावे. डिझेल गाडीचा एक उपकार असा की तिची गळती स्वतःच्या हाताने खूण करून ठेवते. फटीतून सुटलेली काजळी सांध्याबाहेर पिसाऱ्यासारखी पसरते. बारीक बाजूला फट असते आणि रुंद बाजूला तिचा शिडकावा. मॅनिफोल्डच्या कडेने, टर्बोच्या तोंडाशी, क्लॅम्पच्या खालच्या बाजूला आणि बेलोच्या घड्यांमध्ये अशा काळ्या रेघा शोधाव्यात. युरियाच्या भागाजवळ रेघ पांढरी असते. तिथे वाळलेल्या युरियाचे खडे जमतात. उष्णता अडवणारा पत्रा जिथे असेल तिथे तो काढल्याशिवाय पाहिल्याचे समाधान मानू नये. आणि नट मोजावेत. चार दिसायला हवे तिथे तीन असतील, तर निम्मा शोध संपलेला असतो.

त्यानंतर इंजिन सुरू करून ऐकावे, आणि ऐकताना थोडे गणितही करावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा वायू बाहेर टाकतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर रिकामे चालत असेल, तर एक सिलिंडर सेकंदाला ५ धक्के देतो आणि सहाही मिळून ३०. टकटक सुटी सुटी, मोजता येईल अशी ऐकू आली तर गळती एका सिलिंडरच्या तोंडाशी आहे. सगळे धक्के मिसळून फरफर किंवा फुसफुस होत असेल तर ती वाट एकत्र झाल्यानंतरची, म्हणजे टर्बोजवळची किंवा त्यापुढची आहे. कोणतेही उपकरण न वापरता इतका उलगडा होतो.

नेमकी जागा पकडायला हातभर रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी धरायचे आणि दुसरे सांध्यासांध्याजवळून फिरवायचे, डॉक्टरांनी छाती तपासावी तसे. सैल बाह्या, मफलर आणि बोटे पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावीत आणि धार जाणवते का हे तळहाताने कधीही पाहू नये. आवाज फसवतो, हेही लक्षात असू द्यावे. मी स्वतः एकदा टर्बोखालच्या क्लॅम्पवर अर्धा दिवस घालवला होता, कारण आवाज स्पष्टपणे तिथूनच येत होता. गळती निघाली मॅनिफोल्डच्या शेवटच्या स्टडपाशी. आवाज उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर आपटून खाली येत होता. काजळीची रेघ त्या पत्र्यामागे होती, आणि मी पत्रा काढण्याचा कंटाळा केला होता.

मागच्या पाइपांसाठी इंजिन बंद ठेवूनही तपासणी करता येते. पाइप पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू शेपटीच्या पाइपाला कापडाने बसवावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे; जिथे फेस फुगतो तिथे गळती असते. नळीतून पांढरा धूर सोडणारे यंत्र असेल तर काम आणखी सोपे होते. मात्र काही तडे फक्त भाराखाली उघडतात. उभ्या गाडीत बेलो मुकाट असतो आणि चढणीवर इंजिन पिळले की तोंड उघडतो. अशा गळतीला काजळी हाच एकमेव साक्षीदार असतो.

हा आवाज दुसऱ्या कशाचा असू शकत नाही का?

असू शकतो, आणि म्हणूनच घाईने मॅनिफोल्ड उतरवू नये. टॅपेटचा आवाज धातूवर धातू आपटल्यासारखा असतो आणि तो वरच्या झाकणाखालून येतो. गळतीच्या आवाजात हवेचा फुत्कार मिसळलेला असतो आणि रेस दिल्यावर तो तीव्र होतो. काळा धूर आणि पडलेला पिकअप ही लक्षणे टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या ताज्या हवेची नळी फाटल्यावरही दिसतात. फरक असा की तिथे काजळी सापडत नाही, कारण ती हवा स्वच्छ असते. फार तर ऑइलचा ओलसर डाग दिसतो. इंजिनातले पाणी कमी होत असेल आणि ते कुठेही सांडलेले दिसत नसेल, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

डिझेलच्या धुरात तो विषारी वायू नसतोच, मग भीती कशाची?

रोख कार्बन मोनॉक्साइडकडे असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरते. डिझेल इंजिन भरपूर हवेत जळत असल्याने हा वायू पेट्रोल इंजिनापेक्षा कमी सोडते, हे खरे आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. थंड इंजिनात आणि हवा अपुरी पडलेल्या इंजिनात त्याचे प्रमाण वाढते, आणि गळतीमुळे टर्बो मंदावलेले इंजिन नेमके हवेला मुकलेले असते. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, सुस्ती ही त्याची लक्षणे. रात्रभर गाडी चालवणारा माणूस ती जागरणाच्या खात्यावर टाकतो, हा खरा धोका. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला हा वायू निम्म्यावर यायलाही चार-पाच तास लागतात, त्यामुळे टपरीपाशी थांबून दहा मिनिटे वारा घेतल्याने शरीर मोकळे होत नाही.

कार्बन मोनॉक्साइड बाजूला ठेवला तरी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण उरतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले आहे.

ज्या ट्रकांची केबिन थेट इंजिनावर बसलेली असते, त्यांत मॅनिफोल्ड चालकाच्या जवळपास पायांखालीच येतो. गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले रबर, वायरिंग जाण्याच्या भोकातली निसटलेली रबरी कडी, गंजलेला तळ यांतून वायू वर येतो. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काचा उघडाव्यात, गाडी चालू ठेवून आत झोपू नये, आणि गळतीबरोबर ही भोकेही बुजवावीत. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे मात्र समजू नये.

दुरुस्ती: पॅकिंग बदलणे हे त्यातले शेवटचे काम

मॅनिफोल्ड उतरवायचा तर सर्वांत जास्त वेळ गंजलेल्या स्टडना लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तुटलेल्या स्टडचे टोक थोडे जरी बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. यात नट चिकटण्याइतकेच वेल्डिंगच्या उष्णतेचेही काम असते, कारण तिने आट्यांमधला गंज मोडतो. लाली ओसरली की पाना आधी किंचित घट्ट बाजूला आणि मग सैल बाजूला, असा पुढे-मागे हलवत नेतात. घाई केली तर स्टड हेडच्या आत तुटतो, मग ड्रिल करावे लागते आणि ड्रिल मध्यापासून जरा सरकले की हेडचे आटेच जातात. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवावी आणि उत्पादकाने सांगितले असेल तर इंजिनाच्या संगणकाचे प्लगही काढावेत. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत घेऊ नये. त्याने थंडी-ताप येतो. जुन्या गाडीच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे घासून उडवू नये, ओले करून खरवडावे.

मॅनिफोल्ड हातात आला की त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातली, पाती सरकवून पाहावी. ही दोन मिनिटांची तपासणी टाळल्यामुळेच पॅकिंग पुन्हा पुन्हा जळते. मॅनिफोल्ड वाकलेला असेल तर कितीही चांगले पॅकिंग ती फट फार काळ भरून ठेवत नाही. किती वाक चालतो ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापेक्षा जास्त असेल तर तोंडे मशीनवर घासून घ्यावीत किंवा मॅनिफोल्ड बदलावा. तीन तुकड्यांचा असेल तर सरकते जोड हाताने सरकतात का ते पाहावे आणि कड्या बदलाव्यात. तडा गेलेले बीड वेल्ड करता येते, पण त्याला आधी सावकाश तापवणे, निकेलची कांडी आणि नंतर सावकाश निववणे लागते. एरवी वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. मला विचाराल तर मॅनिफोल्डच्या बाबतीत हा खटाटोप न करता नवा घ्यावा.

बसवताना स्टड आणि नट नवेच घ्यावेत, आणि उष्णता सोसणारे, त्या जागेसाठीचे घ्यावेत. डब्यात सापडलेला साधा बोल्ट तिथे टिकत नाही. नट मधून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. टोकाकडून आवळत आले तर मधे फुगवटा अडकतो, चादर एका कोपऱ्यापासून ओढावी तसा.

टर्बोखालचा गोल क्लॅम्प आवळताना त्याला भोवताली हलके ठोकत जावे, म्हणजे तो सगळीकडून सारखा बसतो. बेलो वेल्ड करू नये, बदलावा, आणि त्याच वेळी माउंटिंगचे रबर व सायलेन्सरच्या पट्ट्या पाहाव्यात. गंजलेला पाइप ठोकून जिथे आवाज खणखणीत येतो तिथपर्यंत कापून नवा तुकडा जोडावा; सडक्या पत्र्यावर ठिगळ धरत नाही.

पुट्टी किंवा पट्टी लावून भागत नाही का?

सायलेन्सरच्या मागच्या भागात, मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरते भागते. टर्बोच्या अलीकडे ती दाबाने उडून जाते. फिल्टर आणि सेन्सर असलेल्या गाडीत सिलिकॉनचा लगदा तर अजिबात वापरू नये, कारण त्याची वाफ सेन्सरवर बसून तो निकामी करू शकते, आणि मग पॅकिंग वाचवण्याच्या नादात सेन्सर बदलावा लागतो.

आवाज गरम झाल्यावर जातो, मग एवढी घाई कशाला, असेही विचारले जाते. फट बुजण्याआधीची ती दहा-पंधरा मिनिटे रोज उष्ण वायू तिच्या कडा खरवडत असतो. आज पॅकिंगवर भागणारे काम काही महिन्यांनी मॅनिफोल्डवर जाते, आणि नंतर हेडचे तोंड घासून घेण्यावर.

दुरुस्ती झाल्यावर गाडी भार देऊन चालवावी, पूर्ण निवू द्यावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल तर नट पुन्हा एकदा टॉर्कवर तपासावेत. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या सेल्फला होते. त्याआधी एक काम मात्र करून ठेवावे: तारेच्या ब्रशने सगळ्या सांध्यांभोवतीची जुनी काजळी घासून काढावी. ती तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात दिसलेली काळी रेघ कालची की वर्षभरापूर्वीची, हे कोणालाही सांगता येत नाही.